कान्हेरीचा डोंगर पायी पाहताना

मुंबईच्या उत्तर भागात बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संरक्षित वनक्षेत्र असून, त्याच्या अंतर्भागातील कान्हेरीच्या डोंगरावर शंभराहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लोकल गाडीने जाता येईल इतक्या जवळ बिबट्याचा वावर असलेले जंगल आणि त्याच जंगलात सुमारे हजार वर्षे नांदलेला मठ, असा योग अन्यत्र क्वचितच जुळून आला असेल. तरीही बहुसंख्य पर्यटक वाहनाने लेण्यांच्या पायथ्याशी उतरतात, मोठ्या चैत्यगृहापुढे छायाचित्रे काढतात आणि तासाभरात परत फिरतात; डोंगराचा जो भाग या स्थळाचा उलगडा करतो तो त्यांच्या दृष्टीस पडतच नाही. कान्हेरीची मांडणी पाण्याच्या हिशेबाने झालेली आहे, आणि पावसाचे पाणी कोठे पडते, कोठून वळवले जाते व कोठे साठते हे पाहत वर चढत जाणे हा हा डोंगर समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पुढील सूचना त्याच धोरणाने केलेल्या आहेत.

या डोंगरावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सामान्यतः दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पावसाळ्यात भटकंती थांबवून एकाच ठिकाणी राहण्याच्या बौद्ध भिक्षूंच्या नियमाला वर्षावास असे म्हणतात. या नियमामुळे आणि पुढे कायमच्या वस्तीमुळे येथील संघापुढे दुहेरी काम उभे राहिले, ते असे की ऐन पावसात डोंगरउतारावरून लोटणारे पाणी निवासाच्या आत येऊ द्यायचे नाही आणि तेच पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे. ही व्यवस्था चालू स्थितीत पाहायची असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा आरंभ हा काळ निवडावा, कारण तेव्हा टाकी तुडुंब भरलेली असतात, घळीतील ओढा वाहता असतो आणि उघडा कातळ मात्र पाय ठरण्याइतका वाळू लागलेला असतो. जुलै-ऑगस्टमधील हिरवाईचे वर्णन पुष्कळ केले जाते, परंतु त्या दिवसांत कोरीव पायऱ्यांवर शेवाळ साचते, ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो आणि धुक्यामुळे वरची वाट चुकते. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असणाऱ्यांनी हा मोह टाळलेला बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्यासाठी सर्वांत सुखाचा काळ होय. मार्चनंतर ऊन असह्य होते, टाक्यांतील पाणी खाली जाते, मात्र त्याच सुमारास पळस व पांगारा फुलतो आणि पानगळ झालेल्या कांडोळाची पांढुरकी खोडे रानात दुरूनही ओळखू येतात, तेव्हा सकाळी लवकर जाऊन दहाच्या आत उतरणाऱ्यास तोही काळ वर्ज्य नाही. आठ वर्षांतून एकदा एकत्र फुलणारी कारवी या उद्यानात 2016 साली बहरली होती. हे झुडूप एरवी लक्षात येत नाही, परंतु त्याच्या काठ्यांचे कूड बांधून व त्यावर माती लिंपून घराच्या भिंती उभारण्याची रीत कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटात आढळते.

उद्यान आणि लेणी सोमवारी बंद असतात, हे ठाऊक नसल्याने बोरिवलीच्या प्रवेशद्वारावरून परतावे लागणाऱ्यांची संख्या थोडी नसते. उद्यान राज्याच्या वन विभागाच्या ताब्यात असून लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते, त्यामुळे प्रवेशशुल्क दोन ठिकाणी स्वतंत्रपणे भरावे लागते आणि नियमही दोन प्रकारचे पाळावे लागतात. वेळा, शुल्क आणि खासगी वाहनांविषयीचे निर्बंध वेळोवेळी बदलत असल्याने निघण्यापूर्वी ते ताडून पाहावेत.

मुख्य प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता सुमारे सहा ते सात किलोमीटरचा असून तो हळूहळू चढत जातो. जाताना चालावे आणि येताना वाहन घ्यावे, असा क्रम सुचवण्यास कारण आहे. सकाळच्या गारव्यात या रस्त्यावर सावली असते, पक्ष्यांची हालचाल जास्त असते आणि पाय ताजे असतात. उलट दुपारी डोंगरावरून उतरल्यावर हाच रस्ता तापलेला, वाहनांच्या वर्दळीचा आणि काहीसा कंटाळवाणा होतो. साधारण दीड ते दोन तासांत हे अंतर कापता येते. रस्त्याच्या काही भागात दहिसर नदी सोबत करते. ही नदी तुळशी तलावाच्या परिसरातून उगम पावते आणि बोरिवली-दहिसर ओलांडून खाडीला मिळते. शहरात जिला अनेकजण नाला समजतात तिचे मूळ रूप येथे पाहावयास मिळते. रस्त्यापासून आत जाणाऱ्या पाऊलवाटा दिसल्या तरी त्यांवर परवानगीशिवाय वळू नये. यांपैकी काही वाटा वारली व इतर आदिवासी समाजांच्या पाड्यांकडे जातात आणि त्या घरांची दारे-अंगणे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, हे वेगळे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

कान्हेरीच्या कोरीव कामाचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत पसरलेला आहे. पुरातत्त्व खात्याने लेण्यांना अनुक्रमांक दिलेले असून ते कालानुक्रमाने नव्हेत, तर जागेच्या सोयीने दिलेले आहेत. त्यामुळे क्रमांक वाढत गेला म्हणजे लेणे उत्तरकालीन, असा समज करून घेऊ नये. खडकाकडे आरंभीच लक्ष द्यावे. सह्याद्रीतील बहुतेक लेणी घट्ट काळ्या बेसाल्टमध्ये आहेत, तर येथील खडक बव्हंशी कोणाश्म या प्रकारचा आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या उद्रेकात फुटलेले कोनदार तुकडे एकत्र सांधले जाऊन बनलेला आहे. हा खडक सगळीकडे सारखा घट्ट नसल्याने तो कोरण्यास तुलनेने सोपा पण झिजण्यासही सोपा ठरला. पुष्कळ शिल्पे पुसट झालेली दिसतात ती केवळ माणसाच्या हातून नव्हे, हे त्यामुळे ध्यानात येते.

क्रमांक 3 चे चैत्यगृह हे सर्वांत मोठे. चैत्यगृह म्हणजे ज्या दालनाच्या अंतर्भागी स्तूप असतो आणि त्याभोवती प्रदक्षिणा घालता येते असे उपासनास्थान. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, दोघा व्यापारी बंधूंच्या दानातून ते घडले. त्याची धाटणी कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण करून देते आणि दर्शनी भिंतीवरील दांपत्यांची शिल्पेही त्याच परंपरेतील आहेत. आतील 34 खांबांपैकी काहींनाच घटाकार तळखडे व प्राण्यांच्या आकृती मिळाल्या, बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. काम मध्येच आखडते घेतले गेल्याची ही खूण भव्यतेच्या नादात नजरेतून सुटते. ओवरीच्या दोन टोकांना असलेल्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती मूळ योजनेत नव्हत्या. त्या पाचव्या-सहाव्या शतकांत, बुद्धाची मूर्तिरूपाने उपासना रूढ झाल्यानंतर कोरल्या गेल्या. या दालनात पाऊण तासाहून अधिक वेळ घालवू नये, असा व्यावहारिक सल्ला देता येईल. शिल्पांची गुणवत्ता कमी म्हणून नव्हे, तर उन्हे चढण्यापूर्वी वर पोहोचणे महत्त्वाचे म्हणून.

चैत्यगृहाच्या पुढे ओढ्याची घळ लागते आणि तिच्या दोन्ही अंगांना, एकावर एक अशा थरांत, विहार कोरलेले आढळतात. विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. अजिंठ्याचे प्रशस्त, चहूकडे खोल्या असलेले विहार पाहिलेल्यास कान्हेरीचे विहार प्रथम निराश करतात, कारण ते बहुधा एक-दोघांच्या राहण्यापुरतेच आहेत. परंतु याच लहानपणात त्यांचे वैशिष्ट्य आहे. त्यांपैकी कोणत्याही एका विहारापुढे थांबून तो नीट पाहावा. तीन-चार पायऱ्या चढून लहानसे अंगण लागते, त्यापुढे दोन खांबांची ओसरी, ओसरीच्या कडेला बसण्यासाठी दगडी ओटा, आत एक चौकोनी खोली आणि तिला लागून झोपण्याचा ओटा असलेली कोठडी. काही ठिकाणी उजेडासाठी दगडातच जाळी काढलेली असते. आता अंगणाच्या एका बाजूस पाहिले असता जमिनीलगत, बहुधा एका कोनाड्याच्या आत, पाण्याच्या टाक्याचे तोंड दिसते. टाके तोंडाशी अरुंद आणि खाली कातळाच्या पोटात ऐसपैस असते, ज्यामुळे ऊन आत शिरत नाही आणि पाण्याची वाफ होऊन ते आटत नाही. मग मान वर करून दर्शनी भागाच्या माथ्यावर नजर टाकावी: कातळात उथळ पन्हळी कोरलेली असते, ती डोंगरावरून येणारे पाणी ओसरीवर न पडू देता बाजूला वळवते आणि टाक्याकडे नेते. पाणी बाहेर ठेवणे आणि पाणी साठवणे ही दोन्ही कामे एकाच रेषेने साधलेली आहेत. अंगणातील गोल-चौकोनी खळगे हे लाकडी खांबांचे, म्हणजे पावसाळी छपराचे असावेत असे दिसते. एकदा ही मांडणी ओळखता आली की पुढच्या प्रत्येक विहारापाशी ती आपोआप शोधली जाते, आणि जेथे ती नाही तेथे का नाही, असा प्रश्न पडू लागतो.

शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलेले आहे आणि तिचे दान हे लेण्याच्या दानाइतकेच नोंदण्याजोगे मानलेले आहे. कान्हेरीचे ब्राह्मी लिपीतील लेख मोठ्या संख्येने असून डॉ. शोभना गोखले यांनी त्यांचा विस्तृत अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. ज्यांना डोंगरावर जाण्यापूर्वी वाचन करणे शक्य आहे त्यांनी तो चाळावा. सोपारा, कल्याण यांसारख्या व्यापारी गावांतील दात्यांची नावे या लेखांत येतात. बंदरे व व्यापारी वाटा हाकेच्या अंतरावर आणि तरीही गजबजाटापासून अलग, अशी जागा संघाने निवडली होती, हे नकाशावर सोपारा व कल्याण शोधून त्यांच्या मधोमध हा डोंगर पाहिला म्हणजे पटते. पुष्कळ लेख ओसरीच्या भिंतीवर किंवा टाक्याच्या कोनाड्यात असतात आणि दुपारच्या थेट उजेडात ते दिसत नाहीत. सकाळचे तिरपे ऊन असताना अक्षरांच्या खाचा उठून येतात. अक्षरे वाचण्यासाठी खडूने रेघा ओढणे, पाणी शिंपडणे किंवा बोटांनी घासणे हा अपराध आहे.

घळीतून वर जाताना प्राचीन बंधाऱ्याचे अवशेष आढळतात. वैयक्तिक टाक्यांबरोबरच ओढ्याचे पाणी अडवून सामायिक साठा करण्याचीही सोय होती, हे त्यावरून कळते. ओढा वाहता असेल तर तो पायऱ्या असलेल्या ठिकाणीच ओलांडावा, वरच्या अंगाला ढग दिसत असतील तर मुळीच ओलांडू नये.

वरच्या भागात सर्वच लेणी पाहणे एका दिवसात शक्य नाही आणि आवश्यकही नाही. क्रमांक 11, ज्यास दरबार लेणे म्हणतात, तेथे दालनाच्या लांबीभर दोन बुटके दगडी बाक काढलेले आहेत आणि तशी रचना वेरूळच्या क्रमांक 5 मध्येच पुन्हा दिसते; ही एकत्र बसण्याची, पाठाची किंवा भोजनाची जागा असावी. या परिसरात नवव्या शतकातील राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळातील लेख आहेत, म्हणजे चैत्यगृह कोरले गेल्यानंतर सहा-सातशे वर्षांनीही येथील संघाला दान मिळत होते. क्रमांक 34 च्या छतावर अपुऱ्या राहिलेल्या बुद्धचित्राचे अंश टिकून आहेत. तेथे फ्लॅशचा वापर करू नये. क्रमांक 41 मध्ये अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराची मूर्ती आहे. अवलोकितेश्वर म्हणजे संकटातील जीवांकडे करुणेने पाहणारा बोधिसत्त्व, आणि त्याचे हे एकादशमुखी रूप भारतातील लेण्यांत अत्यंत दुर्मीळ आहे. थोडी जास्त चाल करण्याची तयारी असल्यास क्रमांक 90 गाठावे. तेथे पहलवी लिपीतील लेख असून इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी यात्रिकांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत, म्हणजे नाव कोरण्याची खोड जुनीच. फरक इतकाच की त्यांच्या नोंदीवर तारीख असल्याने ती आज पुरावा ठरते, तर आजच्या कोरणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो.

डोंगरमाथ्यावर मोकळा कातळ आहे आणि तेथून जंगलाच्या कडेला टेकलेले शहर दिसते. उद्यानाच्या हद्दीतील विहार तलाव 1860 साली आणि तुळशी तलाव 1879 साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधून पूर्ण झाले. साष्टी बेटाच्या या डोंगररांगेवर पडणारे पाणी अडवून ठेवण्याचा जो विचार भिक्षूंनी टाक्यांच्या मापाने केला, तोच पुढे नगराच्या मापाने केला गेला. दोन्ही तलाव पिण्याच्या पाण्याचे असल्याने तेथे वाटेल तसे जाण्यास मनाई आहे, आणि लेण्यांच्या टाक्यांतील पाणी कितीही नितळ दिसले तरी ते पिऊ नये, त्यात हातपायही धुऊ नयेत. पाणी बरोबर न्यावे, माणशी दोन लिटर तरी. पायांत खाचांचा तळ असलेले बूट, अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पावसाच्या कडेच्या महिन्यांत छत्रीऐवजी रेनकोट, एवढी तयारी पुरे.

प्राण्यांविषयी अधिक विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण येथील बहुतेक अपघात माणसाच्या वागण्यातून उद्भवतात. माकडे प्लॅस्टिकच्या पिशवीवर झडप घालतात, कारण पिशवीत खाणे असते हे त्यांना पर्यटकांनीच शिकवले आहे. खाद्यपदार्थ कापडी पाठपिशवीच्या तळाशी ठेवावेत, उघड्यावर खाऊ नये आणि पिशवी ओढली गेल्यास झटापट न करता सोडून द्यावी. कड्यांना व उंच झाडांना लोंबणारी आग्या माश्यांची पोळी त्याहून धोकादायक असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि दगडफेक यांनी त्या चवताळतात. माश्या मागे लागल्यास डोके-तोंड झाकून शक्य तितक्या लांब जावे, हात हलवत उभे राहू नये. कातळाच्या कपारीत न पाहता हात घालू नये किंवा पानांच्या ढिगावर बसू नये, कारण फुरसे व घोणस यांसारखे विषारी साप याच जागी विसावतात. सर्पदंश झाल्यास दोरी बांधणे, जखम कापणे असले उपाय न करता अवयव स्थिर ठेवून लगेच रुग्णालय गाठावे.

बिबट्या दिसण्याची शक्यता दिवसा फारच कमी असते, कारण तो संध्याकाळ ते पहाट या वेळात हिंडतो आणि माणसाला टाळतो. म्हणूनच दिवस मावळण्यापूर्वी उद्यानाबाहेर पडण्याचा नियम काटेकोरपणे पाळावा, आणि मुलांना मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर ठेवावे. तो समोर आलाच तर पाठ दाखवून पळू नये, खाली वाकू किंवा बसू नये. ताठ उभे राहून, मोठ्याने बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरकावे. खाल्लेल्याचा कचरा टाकणे हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाही. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीकडे येतो, त्यामुळे एखाद्या सहलीच्या उरल्यासुरल्या अन्नाची किंमत पाड्यावरील किंवा उद्यानालगतच्या चाळीतील कुटुंबाला मोजावी लागते. या जंगलातील आदिवासी वाघोबाला देव मानून त्याची ठाणी पुजतात. वाटेत असे ठाणे आढळल्यास त्यावरील वस्तूंना हात लावू नये.

लेण्यांपलीकडचे जंगल पाहण्याची इच्छा असल्यास शिलोंड्यासारख्या निसर्गवाटा आहेत, परंतु त्यांवर वन विभागाची पूर्वपरवानगी आणि माहितगार वाटाड्या यांशिवाय जाता येत नाही. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडे त्याची चौकशी करावी. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र गोरेगावच्या चित्रनगरीजवळ, उद्यानाच्या दक्षिण कडेला आहे आणि तेथील मार्गदर्शित फेऱ्या लहान मुलांसाठी तसेच प्रथमच जंगलात चालणाऱ्यांसाठी अधिक सोयीच्या ठरतात. ठाण्याकडून येणाऱ्यांना येऊरची बाजू जवळ पडते, मात्र तेथून कान्हेरीकडे जंगलातून चालत जाण्याचा बेत आखू नये. वसईच्या खाडीपलीकडील नागला हा उद्यानाचा वेगळा पडलेला तुकडा असून तेथे लेणी नाहीत, गर्दीही नाही. खाडीकाठचे पक्षी पाहायचे असतील तर हिवाळ्यातील एखादी सकाळ त्यासाठी राखून ठेवावी, आणि तेथेही आधी परवानगी घ्यावी.